टाकसाळ दोष (नाणी)

टाकसाळ दोष म्हणजे नाणे पाडले जात असताना धातूच्या चकतीतील, ठशातील किंवा यंत्रातील बिघाडामुळे नाण्यात उत्पन्न झालेली आणि टाकसाळीच्या तपासणीतून निसटून चलनात आलेली विकृती होय. नाणे टाकसाळीबाहेर पडल्यानंतर वापराने, अपघाताने किंवा हेतुपुरस्सर फेरफाराने त्यात जो बदल होतो, त्याला हानी म्हणतात. वरवर पाहता दोन्हींचे स्वरूप पुष्कळदा सारखे असते. दोन्हींत नाणे वाकडे, अपुरे, अस्पष्ट किंवा दुहेरी दिसू शकते. नाणकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे. दोषयुक्त नाणे हे टाकसाळीच्या कार्यपद्धतीचा पुरावा असते व संग्राहक त्यासाठी दर्शनी मूल्याहून अधिक रक्कम देतात. हानी झालेल्या नाण्याचे मूल्य, थोडे अपवाद वगळता, घटते.

नाण्याची घडण

दोष ओळखण्यासाठी नाणे कसे घडते हे ठाऊक असणे आवश्यक आहे. आधुनिक टाकसाळीत धातूचा पट्टा ठरावीक जाडीपर्यंत लाटून त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, धुऊन स्वच्छ केल्या जातात आणि मग एका यंत्रातून फिरवून त्यांचा काठ किंचित उचलला जातो. अशी काठ उचललेली चकती दाबयंत्रात दोन पोलादी ठशांमध्ये येते. तिच्याभोवती कॉलर नावाचे पोलादी कडे असते. ठशांचा दाब पडताच धातू ठशांच्या खोलगट भागांत शिरतो आणि बाजूंना पसरू पाहतो. त्याचे पसरणे कॉलर अडवते. नाण्याची कडा दातेरी असेल, तर ते दातेही बहुधा कॉलरवरूनच उमटतात. या सर्व क्रिया एका क्षणात व एकाच दाबात घडतात.

भारतात सध्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टाकसाळींत नाणी पाडली जातात. मुंबईच्या नाण्यांवर वर्षाखाली चौकटीच्या आकाराची खूण असते, हैदराबादच्या नाण्यांवर तारा आणि नोएडाच्या नाण्यांवर टिंब असते. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. मुंबईची टाकसाळ १८२० च्या दशकात उभारलेल्या इमारतीत आहे. हैदराबादची टाकसाळ मूळची निजामाच्या राज्याची असून १९५० मध्ये ती भारत सरकारकडे आली.

ओळखीचे मूलतत्त्व

दोष आणि हानी यांतील फरक एका प्रश्नावर ठरतो: समोर दिसणारा बदल चकती, ठसे आणि कॉलर या तिघांच्या संयोगातून घडू शकतो काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो बदल नंतरचा आहे, मग तो कितीही विलक्षण दिसो. नवख्या संग्राहकाची चूक बहुधा येथेच होते. ‘असे नाणे पूर्वी पाहिले नाही’ एवढ्यावरून तो दोषाचा निष्कर्ष काढतो. वास्तविक हानीचे प्रकार अगणित असतात, दोषांचे मोजके. कारण दाबयंत्र फारच थोड्या रीतींनी चुकू शकते.

दुसरी कसोटी धातूच्या हालचालीची आहे. ठशाच्या दाबाखाली धातू वाहतो व त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा केंद्रापासून काठाकडे पसरतात. नव्या नाण्याची झळाळी याच रेषांमुळे दिसते. नाणे तिरपे धरून दिव्याखाली फिरवले असता ही झळाळी आऱ्यांप्रमाणे सरकते. खऱ्या दोषाच्या जागेवरूनही ती अखंड जाते, कारण दोष आणि झळाळी एकाच वेळी जन्मलेली असतात. खरवडल्याची, घासल्याची किंवा ठोकल्याची जागा या झळाळीला छेदते. नाणे फार झिजलेले असल्यास ही कसोटी चालत नाही. अशा वेळी वजन, कडा आणि दुसरी बाजू यांवर भिस्त ठेवावी लागते.

वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा पुरतो. १९९० च्या दशकातील पोलादी एक रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅम, त्याच काळातील अकरा कोनांचे ताम्र-निकेल दोन रुपयांचे नाणे ६ ग्रॅम आणि ताम्र-निकेल पाच रुपयांचे नाणे ९ ग्रॅम वजनाचे असते. आघाताच्या दोषांत धातू केवळ इकडचा तिकडे होतो, म्हणून वजन घटत नाही. आम्लात बुडवलेल्या किंवा घासलेल्या नाण्याचे वजन घटतेच.

चकतीतील दोष

चकत्या कापणारा ठोकळा पट्ट्यावर नीट पुढे सरकला नाही, तर आधीच्या छिद्राचा काही भाग नव्या चकतीत येतो आणि चंद्रकोरीसारखा तुकडा उणा असलेले नाणे तयार होते. कातरीने किंवा कानशीने असा तुकडा काढणे सोपे असल्याने बनावटीही विपुल आहेत. ओळखण्याची खूण तुटलेल्या जागेत नसून तिच्या नेमक्या समोर असते. काठ उचलणारे यंत्र चकतीला दोन बाजूंनी दाबते. एका बाजूस चकती अपुरी असल्यास समोरच्या बाजूसही दाब मिळत नाही आणि तेथील काठ पुसट राहतो. शिवाय खऱ्या नाण्यात तुटलेल्या भागाजवळची अक्षरे कडेकडे किंचित ओढल्यासारखी दिसतात, कारण दाबाखाली धातू त्या मोकळ्या जागेत वाहिलेला असतो. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सरळ छाटले जाते व समोरचा काठ पूर्ण असतो.

धातूच्या पट्ट्यात हवा, तेल किंवा मळ लाटला गेल्यास नाण्याचा पापुद्रा सुटतो. पापुद्रा नाणे पाडल्यानंतर सुटला असेल, तर त्याखालची जागा खडबडीत व रेघांची दिसते आणि तेथे आकृती अंधुक असते. आगीत सापडलेल्या नाण्यावर फोड येतात. ते गोलसर असतात व फुटल्यास आत काळवंडलेले दिसतात.

आघाताचे दोष

चकती ठशांच्या मधोमध न बसल्यास नाणे एका बाजूस सरकून उमटते. अशा नाण्याचा कोरा राहिलेला भाग सपाट व स्वच्छ असतो, तेथे चकतीचा मूळचा उचललेला काठ दिसतो, आणि सरकण्याची दिशा दोन्ही बाजूंवर एकमेकींशी जुळते. एका बाजूची आकृती मध्यभागी आणि दुसऱ्या बाजूची स्पष्टपणे सरकलेली असेल, तर तो वेगळा व सौम्य दोष असतो. त्यात एक ठसा यंत्रात किंचित ढळलेला असतो.

कॉलर जागेवर नसताना दाब पडला, तर धातू मोकळेपणी पसरतो. नाणे व्यासाने मोठे होते, कडेचे दाते नाहीसे होतात, पण मधली आकृती ठसठशीत राहते. हातोडीने ठोकून पसरवलेले नाणेही मोठे होते. त्यात मात्र अक्षरे चेपून रुंद व सपाट होतात. रेल्वेच्या रुळावर ठेवलेले नाणे लांबट होते व आकृती चाकाच्या दिशेने फरफटलेली दिसते. अशी नाणी ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवली जातात, तेव्हा ठशाचा दाब सरळ खाली पडतो, फरफटत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

संग्राहकांत विशेष मागणी असलेला आणि म्हणूनच विशेष फसवणुकीचा दोष म्हणजे ब्रॉकेज, अर्थात उलटा छाप. पाडलेले नाणे यंत्रातून बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती आत येते. त्या चकतीच्या एका बाजूला खरा ठसा उमटतो. दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचीच आकृती उमटते, पण खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी. परिणामी नाण्याच्या एका बाजूस सिंहशीर्ष उठावदार व दुसऱ्या बाजूस तेच सिंहशीर्ष खोलगट व उलटे दिसते.

दोन नाणी शेगड्यात एकावर एक दाबूनही खोलगट उलटी अक्षरे उमटवता येतात. फरक असा की, अशा नाण्यावर मूळची आकृती शिल्लक असते. सिंहशीर्षाच्या किंवा अंकाच्या चेपलेल्या अवशेषांवर दुसऱ्या नाण्याची अक्षरे आडवीतिडवी रुतलेली दिसतात. खऱ्या उलट्या छापात त्या बाजूची मूळ आकृती कधी उमटलेलीच नसते, म्हणून तिचा मागमूसही राहत नाही. दाबलेल्या नाण्याची मागची बाजूही सपाट झालेली आढळते, कारण शेगड्याचा जबडा तेथे टेकलेला असतो.

चकती व ठसा यांमध्ये धागा, कापडाचा तुकडा किंवा धातूचा कीस आल्यास त्याचा माग नाण्यावर राहतो. ठशाच्या खोलगट अक्षरांत वंगण साचल्यास एखादे अक्षर किंवा वर्षाचा अंक उमटतच नाही. ‘वर्ष नसलेले नाणे’ म्हणून जी नाणी पुढे येतात त्यांतील काही याच प्रकारची असतात. उरलेल्यांत अंक घासून काढलेला असतो. वंगणाने भरलेल्या ठशाखाली शेजारचे अंकही क्रमाक्रमाने पुसट होत जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. घासलेल्या जागी समांतर ओरखडे व किंचित खळगा असतो. बोटाच्या नखालाही तो लागतो.

ठशाचे दोष

ठसा हजारो आघात सोसतो आणि अखेर थकतो. त्याला तडा गेल्यास धातू त्या तड्यात शिरतो. म्हणून नाण्यावर ती रेघ उठावदार दिसते. ओरखडा याउलट नेहमी खोल असतो. हा नियम साधा असला तरी अत्यंत उपयुक्त आहे: ठशात जे खोल, ते नाण्यावर वर. ठशाचा काठाजवळचा तुकडा निखळल्यास नाण्यावर त्या जागी आकृतिहीन उंचवटा येतो आणि त्याच्या समोरच्या बाजूची आकृती तेवढ्या भागात पुसट राहते, कारण धातू पोकळीत गेलेला असतो. डाग लावून किंवा धातू वितळवून केलेल्या उंचवट्याच्या मागची बाजू मात्र ठसठशीत असते.

चकती न येताच दोन ठसे एकमेकांवर आदळल्यास त्यांच्या आकृतींचे अंश परस्परांवर उमटतात व पुढील सर्व नाण्यांवर फिकट छायेसारखे येतात. भारतीय गणराज्याच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू उभ्या अक्षाभोवती नाणे फिरवल्यास सरळ दिसतात. ठसा यंत्रात सैल झाला, तर मागील बाजू काही अंशांनी फिरलेली आढळते. हा दोष नंतर निर्माण करता येत नाही, त्यामुळे तो तपासायला सर्वांत सोपा आहे.

दुहेरी अक्षरांविषयी गोंधळ फार आहे. ठसा घडवतानाच त्यावर आकृती दोनदा, किंचित सरकून उमटली असेल, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर गोलाकार टोकांची, स्पष्ट फटीने विलग झालेली दुहेरी अक्षरे येतात. असे ठसे विरळ असतात. आघातानंतर ठसा नाण्यावरून उचलला जाताना थरथरला, तर अक्षराची एक बाजू पायरीसारखी कापली जाते व अक्षर मूळच्यापेक्षा बारीक दिसते. दुहेरी म्हणून विक्रीस येणाऱ्या नाण्यांत हा दुसरा प्रकार वारंवार आढळतो. तो टाकसाळीतच घडत असला तरी संग्राहक त्यास फारसे मोल देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

द्विधातू नाणी व दोन छापांची नाणी

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यात बाहेरचे कडे व आतली चकती वेगवेगळ्या धातूंची असतात आणि ठशांच्या एकाच दाबात ती आकृतीसह एकमेकांत बसतात. कड्याचे छिद्र मध्यापासून सरकलेले असल्यास आतली चकती सरकलेली दिसते. हा खरा दोष होय. आतल्या भागाची आकृती कड्यावरील आकृतीच्या तुलनेत फिरलेली असेल, तर मात्र तो दोष असू शकत नाही. दोन्ही भागांवर एकच ठसा पडतो, त्यामुळे त्या आकृती परस्परांच्या संदर्भात फिरूच शकत नाहीत. असे नाणे कुणीतरी आतला भाग ठोकून काढून पुन्हा बसवलेले असते.

दोन्ही बाजूंना एकच छाप असलेली नाणी बहुतांशी जादूगारांच्या उपयोगासाठी तयार केलेली असतात. एक नाणे लेथवर आतून पोखरले जाते व दुसरे तासून त्यात बसवले जाते. काठाच्या आतल्या अंगाने भिंगातून पाहिल्यास बारीक सांधा दिसतो. फरशीवर टाकल्यास असे नाणे खणखणीत वाजत नाही.

नित्य आढळणारी हानी

मराठवाड्यात नाण्यांच्या हानीची काही विशिष्ट कारणे आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक अलंकारांत व पोशाखांत नाणी जडवण्याची प्रथा आहे. अशा नाण्याच्या काठावर कडी डाखल्याचा उंचवटा किंवा छिद्र राहते आणि अंगाला लागणारी बाजू अधिक झिजलेली असते. छिद्र पाडताना एका बाजूस धातू आत दबतो व दुसऱ्या बाजूस कंगोरा निघतो, यावरून ते ओळखता येते. १९४३ ते १९४७ या काळातील ब्रिटिश हिंदुस्थानचा भोकाचा पैसा हा याला अपवाद नव्हे, तर वेगळाच विषय आहे. त्याचे छिद्र चकतीतच पाडलेले असे व त्याभोवती आकृतीची योजना केलेली असे. तेथे छिद्र नसणे हाच दोष ठरतो.

नांदेड येथे गोदावरीत श्रद्धेने टाकलेली व पुढे वाळूतून काढलेली नाणी बारीक खळग्यांनी भरलेली व काळपट असतात. शेतात नांगरताना सापडणाऱ्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवा जंगाल चढतो. त्याखालचा पृष्ठभाग खाल्ला गेल्याने अक्षरे तुटक दिसतात व ती ‘चुकीची अक्षरे’ वाटतात. ॲल्युमिनियमच्या एक, दोन, पाच पैशांवर ओलीमुळे पांढरी भुकटी येते. पोलादी नाणे तापल्यास पिवळसर, तांबूस वा निळसर झाक धरते. ती चुकीच्या धातूची चकती नव्हे.

हानीचा सर्वांत खेदजनक प्रकार घरातच होतो. जुने नाणे सापडले की ते चिंच, लिंबू, राख किंवा भांड्याच्या चुऱ्याने लख्ख घासले जाते. नाणे चमकते, पण त्यावरील मूळची झळाळी, वयाची छटा आणि बारीक तपशील कायमचे जातात. अशा नाण्यात एखादा टाकसाळ दोष असलाच, तर तो सिद्ध करण्याचा पुरावाही त्याबरोबर जातो.

हातघडाईची नाणी व हाली सिक्का

वरील सर्व निकष यंत्राने पाडलेल्या नाण्यांचे आहेत. हाताने पाडलेल्या नाण्यांना ते लावता येत नाहीत. शिवराई या मराठेशाहीतील तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. परंतु ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असल्याने संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. अक्षरे सरकणे, आघात दोनदा पडणे, कडा फाटणे हे त्या पद्धतीत नित्याचे होते. अशा शिवराईला ‘एरर’ म्हणून अधिक किंमत मागणे निराधार आहे. मोगलकालीन व उत्तरकालीन रुपयांवर सराफांनी चांदी पारखण्यासाठी मारलेल्या लहान खुणा आढळतात. काटेकोर अर्थाने ती हानीच, तथापि नाणे कोणत्या व्यवहारांतून फिरले याची ती साक्ष असल्याने अभ्यासक तिला मोल देतात.

रेणापूर, लातूर व नांदेड हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथे संस्थानचा हाली सिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र. कलदार म्हणजे यंत्राने पाडलेला. हाताने व यंत्राने पाडलेल्या नाण्यांतील भेद लोकव्यवहाराने असा नावातच नोंदवून ठेवला होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेतही चारमिनारचे चित्र असलेली यंत्रनिर्मित नाणी निघाली, तरी कलदार हे नाव ब्रिटिश रुपयालाच चिकटून राहिले. हाली रुपयात चांदीचे प्रमाण कलदारापेक्षा कमी होते. संस्थानच्या विलीनीकरणानंतर सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा दर होता. जुन्या घरांतून निघणाऱ्या नाण्यांत हाली नाणी असल्याने या भागातील संग्राहकास दोन्ही प्रकारच्या निकषांची गरज पडते.

चारमिनार छापाच्या नाण्यांत मधल्या कमानीत एक अक्षर असते: महबूब अली खान यांच्या नाण्यांवर मीम, उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ऐन. उस्मान अली यांच्या आरंभीच्या काही रुपयांवर हे ऐन अपुरे, तर पुढे पूर्ण दिसते. अपुरे ऐन हा आघाताचा दोष नव्हे, ती हानीही नव्हे; ठशाच्या रचनेतच केलेला तो बदल आहे.

प्रकारभेदाविषयीचे गैरसमज

रचनेतील अशा बदलास प्रकारभेद म्हणतात व तो दोष समजला जाण्याची शक्यता मोठी असते. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली इंग्रजी एच हे अक्षर आढळते, कारण ती नाणी ब्रिटनमध्ये पाडून घेतली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिको, दक्षिण आफ्रिका व स्लोव्हाकिया येथूनही नाणी आणवण्यात आली आणि त्यांवर तेथील खुणा आहेत. दहा रुपयांच्या नाण्याबाबत गैरसमजाचा फटका उलट दिशेने बसला. रुपयाचे नवे चिन्ह असलेले व नसलेले नाणे पाहून देशाच्या अनेक भागांत दुकानदारांनी त्यांतील एक खोटे मानून नाकारले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेला दहा रुपयांच्या नाण्यांच्या चौदाही रचना वैध असल्याचे जाहीर करावे लागले.

बाजार व कायदा

जुन्या वा सदोष नाण्यास लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सातत्याने दिसतात. त्यांत नाणे विकत घेण्यापूर्वी नोंदणी शुल्क, दलाली किंवा कर म्हणून विक्रेत्याकडूनच पैसे मागितले जातात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत जनतेस सावध केले. बँकेच्या नावाचा व बोधचिन्हाचा वापर करून अशी फसवणूक होत असून बँक असे कोणतेही व्यवहार करत नाही व त्यासाठी शुल्कही आकारत नाही, असे तिने स्पष्ट केले. खरा खरेदीदार नाणे प्रत्यक्ष पाहून, तोलून भाव सांगतो. विकणाऱ्याकडे तो आगाऊ रक्कम मागत नाही.

नाणे अधिनियम, २०११ नुसार विरूपित झालेले किंवा विहित मर्यादेपेक्षा वजन घटलेले नाणे वैध चलन राहत नाही. चलनी नाणी वितळवणे वा नष्ट करणे यांसही मनाई आहे. त्यामुळे दोष भासावा म्हणून नाण्यात फेरफार करणारा खरेदीदारास फसवतोच, शिवाय नाण्याचे दर्शनी मूल्यही घालवतो. जमिनीत पुरलेला नाण्यांचा साठा सापडल्यास त्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या साठ्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक असते. असा साठा धुऊन, वेगळा करून विकल्यास कायद्याचा भंग होतो, आणि कोणती नाणी एकत्र पुरली होती ही माहितीही नष्ट होते.